दुसरा हूक

"आई, तो वयात आलाय का?"

तीन वर्षांनी लेकीचा फोन आला आणि तिचं पहिलं वाक्य हे. कशी आहेस नाही, बाबा कसे आहेत नाही. मी कामाच्या टेबलाशी बसले होते, डोक्याला भिंग बांधलेलं, हातात कुणाची तरी दाढ. दाढ सुटली आणि टेबलाखाली गेली. जाऊ दे म्हटलं. दाढ शोधली की सापडते.

"कोण वयात आलाय?" मी विचारलं. मला कळलं होतं. पण तिचा आवाज अजून थोडा ऐकायचा होता.

"कोळी गं, आई. मावशी म्हणाली तू अजून सांभाळतेस त्याला. मला वाटलं होतं तो तेव्हाच मेला."

"मरायला काय झालं? माझ्या घरात कुणी उपाशी मरत नाही."

मी अशीच बोलते. नाकावर राग आणि जिभेला हाड नाही. माझी धाकटी बहीण म्हणते, तुझ्या तोंडून 'ये, बस' आलं तरी समोरच्याला वाटतं ऊठ म्हणाली. आणि हीच बहीण माझ्या आणि लेकीच्या मधलं टपालखातं. माझी बातमी तिकडे, तिकडची इकडे. त्यामुळे लेक कुठे राहते, काय करते, हे मला सगळं ठाऊक होतं. फक्त तिच्या तोंडून काही ऐकलं नव्हतं.

मी दात बनवते. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा साचा पाठवतात, त्यावरून मी कॅप तयार करते. दात केसभर उंच झाला तर माणसाला घास चावता येत नाही, म्हणून माझ्या कामात 'बहुतेक' हा शब्द चालत नाही. माझ्या शेजारची खुर्ची मी लेकीसाठी ठेवली होती. तिचा हात माझ्यासारखाच, बारीक कामाचा. पण तिला लहानपणापासून वेड किड्यांचं, आणि शेवटी ती जाऊन पडली कोळ्यांच्या नादी. टॅरँटुला, केसाळ, बशीएवढे. एका प्राणिबागेच्या कीटकघरात नोकरी मिळाली म्हणून ती घर सोडून निघाली, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सहा महिन्यांत परत येशील. लिहून घे."

दारात तिने चपला घातल्या आणि मागे वळून विचारलं, "आई, तुला 'माहीत नाही' हे दोन शब्द येतात का गं?"

"मला सगळं माहीत असतं, मग मी खोटं कशाला बोलू?"

ती गेली. सहा महिने झाले, वर्ष झालं. ती काही परत आली नाही, आणि मीही काही माझा शब्द मागे घेतला नाही.

कोळी मला नंतर सापडला. तिच्या कपाटामागे एक बरणी होती, अर्धी माती भरलेली. धुऊन ठेवू म्हणून ओतली, तर मातीतून नखाएवढा एक जीव बाहेर आला आणि माझ्या मनगटावर चढला. मी अशी किंचाळले की हे गॅरेजमधून पाना हातात घेऊन धावत आले. "फेकून दे," हे म्हणाले. फेकून दे कसं? तिचा होता तो. मी त्याला पाहुणा म्हणायला लागले. पाहुणा थोड्या दिवसांचा असतो, म्हणून. तर हा पठ्ठ्या तीन वर्षं राहिला आणि माझ्या तळहाताएवढा झाला.

"आई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. नर आहे तो. मागच्या कातीवरून बघितलंय. कात भिजवून आतल्या बाजूने उलगडली, मादीला जिथे पिशवी असते तिथे काही नाही."

"तू कात उलगडलीस? फाटली नाही?"

"माझ्या हातात काही फाटत नाही."

"बरं. नर आहे. पण पुरता झालाय का? शेवटची कात टाकलीय का?" ती आता भराभर बोलायला लागली, लहानपणी बोलायची तशी. "बघ, माझ्याकडे मादी आहे, मी तिला बाईसाहेब म्हणते. त्याच जातीची. वर्षभर नर शोधतेय मी, कुठे मिळत नाही. पण पुरता झालेलाच हवा. तोंडाजवळचे दोन आखूड हात असतात ना, त्यांच्या टोकांना गोळे आलेले असतात, बॉक्सिंगचे मोजे घातल्यासारखे. आणि मुख्य म्हणजे पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला हूक. दोन्ही पायांना. त्या हुकांनी तो मादीचे सुळे अडकवून धरतो, म्हणून वाचतो. हूक नसताना आत सोडला तर ती त्याला नवरा नाही समजणार, जेवण समजेल. कळलं?"

"कळलं. मला दातांचं सांगू नकोस."

"तो खातोय का?"

"महिनाभर तोंड लावत नाही. नुसता काचेवर चढतो, उतरतो, परत चढतो."

"म्हणजे झाला असेल!" तिच्या आवाजात जो आनंद आला, तो मी किती दिवसांनी ऐकला. "पुरते नर खाणं सोडतात आणि मादी शोधत फिरतात. आई, भिंगातून बघ आणि कळव. हूक असतील तर रविवारी घेऊन ये."

घेऊन ये. फोन ठेवल्यावर मी ते दोन शब्द चघळत बसले. हे आत आले आणि म्हणाले, "कुणाचा फोन?" मी म्हटलं, "तुमच्या लेकीचा. मला बोलावलंय." आणि मग मला हुंदका आला. ह्यांना काय करावं सुचेना, ते खाली वाकून दाढ शोधायला लागले.

संध्याकाळी मी पाहुण्याच्या पेटीसमोर बसले, दिवा एका बाजूने धरून. तो काचेवर पोट लावून उभा होता. आखूड हात त्याने तोंडाखाली मुडपून घेतले होते, गोळे आहेत की नाहीत काही दिसेना. पुढचा डावा पाय वर होता. त्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या जरा अलीकडे, एक बारीक काळा उंचवटा. हूक! उजवा पाय मात्र केसांच्या झुपक्याआड. मी बसून राहिले. तो हलेना. मी काचेवर टिचकी मारली, तर खाली उतरला आणि कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसला.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. साचा नेहमी नीट येत नाही. कुठे कडा उठलेली नसते, कुठे लाळेने बुडबुडा आलेला असतो. तेवढ्यासाठी रुग्णाला परत बोलावत नाहीत. आम्ही शेजारचा भाग बघतो आणि राहिलेली कडा अंदाजाने पूर्ण करतो. इतकी वर्षं हेच केल्यावर डोळ्याला सवय लागते. जे नाही ते तो आपोआप भरून घेतो, आणि भरलंय हे सांगतही नाही. एका पायाला हूक म्हणजे दुसऱ्याला असणारच. मी मनात त्याची जागाही नक्की केली, आकारही.

पण मला आणखी एक दिसलं होतं, ते लपवून चालणार नाही. पाहुण्याचं पोट टम्म होतं. पोटावरचं टक्कल, जे एरवी मातकट असतं, ते काळं पडून चकाकत होतं. मी त्याला वाढवलाय, मला ते चांगलं ठाऊक होतं. कोळी खाणं दोनदा सोडतो. नर पुरता झाल्यावर सोडतो, तेव्हा त्याचं पोट चिमटलेलं असतं. आणि कात टाकायच्या आधी सोडतो, तेव्हा पोट असं दिसतं.

मी फोन लावला. "आहेत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"नक्की ना, आई?"

"भिंगातून बघितलंय बये. किती वेळा सांगू?"

"नाही, तू बघितलंस म्हणजे झालंच," ती म्हणाली.

रविवारी सकाळी मी त्याला प्रवासाच्या डब्यात घेतला. पारदर्शक डबा, झाकणाला भोकं, खाली ओलसर कागदी रुमाल. आत ढकलताना तो उलटापालटा झाला आणि डावा पाय पूर्ण उघडा पडला, खिडकीच्या लख्ख उजेडात, माझ्या डोळ्यांपासून वीतभरावर. उंचवटा नव्हता. तो मातीचा कण होता. केसांत अडकला होता, आता पडला होता. पाय साफ, गुळगुळीत.

हे दारात उभे होते, दोन हात लांब, कारण कोळ्याला ते अजून घाबरतात. "झालं का? बस चुकेल तुझी. आणि काय गं, नक्की आहे ना सगळं?"

"तुम्ही तुमचे नट-बोल्ट बघा," मी म्हटलं आणि झाकण लावलं.

का लावलं? फोन करून सांगता आलं असतं, नाही आहेत हूक. ती म्हणाली असती, बरं, असू दे. आणि ठेवला असता फोन, पुढच्या तीन वर्षांसाठी. मला माझ्या लेकीचं तोंड बघायचं होतं. तेवढंच होतं, दुसरं काही नाही. बसमध्ये डबा मांडीवर घेऊन मी स्वतःला समजावत राहिले. उजवा पाय अजून कुठे बघितलाय? एखाद्या नराला एकाच पायाला येत असेल. पोहोचल्यावर बघू, तिथे काहीतरी निमित्त काढू, म्हणू प्रवासात दमला, आज नको. शेजारच्या बाईने विचारलं डब्यात काय आहे. मी म्हटलं जावई. ती हसली. मी डबा पदराआड घेतला.

लेकीची खोली इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. दार तिने उघडलं. केस कापले होते. बारीक झाली होती. हातावर कोळ्याच्या केसांनी उठलेलं लाल पुरळ. मी तिच्याकडे बघितलं आणि तिने डब्याकडे.

"ये," ती म्हणाली. "चपला काढल्या नाहीस तरी चालेल."

मी काढल्या. एकच खोली होती. एक पलंग, एक टेबल, आणि भिंतीशी फळ्यांवर काचेच्या पेट्या, प्रत्येकीवर तारखा चिकटवलेल्या. सगळं इतकं नीटनेटकं की मला माझंच टेबल आठवलं. मला म्हणायचं होतं, छान ठेवलंयस. तोंडातून आलं, "खिडकी उघडत नाहीस का कधी?"

"आई."

"बरं, बरं."

टेबलावर मोठी पेटी होती. तिच्यात मातीचं बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी बाईसाहेब. माझा पाहुणा तिच्यापुढे पोरगं वाटावा अशी थोराड बाई. एक पाय हलवला तिने, तर मी मागे सरकले.

"दोन दिवस पोटभर घातलंय तिला," लेक म्हणाली. "तरी भरवसा नाही. मी ब्रश घेऊन उभी राहते, तू झाकण धर. तो आत गेला की आधी हातांनी जमिनीवर टकटक करतो. तिनेही टकटक केली, तर जमलं." तिने डबा उचलून डोळ्यांसमोर धरला. पाहुणा कागदाच्या घडीखाली शिरून बसला होता, नुसती पाठ दिसत होती. "पाय दिसत नाहीत गं ह्याचे. एकदा बघून घेतलं असतं."

बघ, मी मनात म्हटलं. बघ ना. काढ तो कागद.

"पण नको," ती म्हणाली. "इथे उघडला तर पळत सुटेल. आणि तू बघितलंयस. तुझ्यासारखा डोळा कीटकघरात कुणाचा नाही. मी सगळ्यांना सांगते, माझ्या आईला केसाची जाडी नुसती बघून कळते."

सगळ्यांना सांगते. मला तर वाटत होतं ती माझं नावही काढत नसेल. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तिने बाईसाहेबांच्या पेटीचं झाकण सरकवलं आणि माझ्या हाती दिलं. मी ते धरलं.

तिने डब्याचं झाकण काढलं. डबा पेटीच्या कडेवर टेकवला, तिरका केला. बिळाच्या तोंडाशी बाईसाहेबांनी पुढचे दोन पाय उचलले. लेकीने चिमट्याने कागद बाजूला केला. खाली पांढरं काहीतरी दिसलं. रेशमाची चटई, डब्याच्या तळाशी, दाट विणलेली. प्रवासात, माझ्या मांडीवर, त्याने कात टाकण्यासाठी अंथरूण घातलं होतं.

लेकीचा डोळा बाईसाहेबांवर होता. तिने डबा आणखी तिरका केला.

"थांब!" मी ओरडले. "सोडू नकोस. हूक नाहीत त्याला."

तिने डबा झटकन मागे घेतला. मी झाकण लावलं, पेटीचं. खाली बाईसाहेबांचे सुळे काचेवर टक्क आपटले. लेक माझ्याकडे बघत राहिली.

"काय म्हणालीस?"

"हूक नाहीत. एकही नाही. एक दिसल्यासारखा वाटला, तो मातीचा कण निघाला. दुसरा मी बघितलाच नव्हता. आज सकाळी कळलं मला."

"सकाळी कळलं? मग आणलास कशाला?"

"तू बोलावलंस म्हणून."

"आई, तिने त्याला फाडून खाल्लं असतं! माझ्या हातून गेला असता तो!" तिचा आवाज चिरकला. "मी विचारलं होतं ना तुला, नक्की ना म्हणून? दोनदा विचारलं."

"विचारलं होतंस."

"मग?"

"हूक नाहीत म्हटलं असतं तर तू बोलावलं असतंस का मला?" मी रडत नव्हते. मला वाटतं मी रागावले होते, तिच्यावर नाही, माझ्यावर. "तीन वर्षं तुझं तोंड बघितलं नाही मी. मावशीकडून ऐकायचं, तिला ताप आला होता, तिने केस कापले. मला यायचं होतं. म्हणून दिसले मला हूक."

तिने झाकण लावून डबा टेबलावर ठेवला. मग अगदी शांत आवाजात म्हणाली, आणि तो शांत आवाज मला ओरडण्यापेक्षा वाईट लागला, "घे त्याला आणि घरी जा. आत्ता नको मला काही. परतीची बस असेल अजून."

मी मान डोलावली. चुकलं होतं, वर तोंड करून बोलायला जागाच नव्हती. पर्स खांद्याला लावली, डबा उचलायला हात पुढे केला.

पाहुणा उलटा पडला होता. रेशमाच्या चटईवर पाठ टेकून, आठही पाय वर. बघणाऱ्याला वाटावं मेला.

"हात लावू नकोस!" ती कुजबुजली आणि माझं मनगट धरलं.

मी लावणार नव्हतेच. मला ठाऊक होतं. कोळी कात टाकायला उलटा झाला की त्याला हलवायचं नाही, डबासुद्धा नाही. आतला जीव लोण्यासारखा मऊ असतो. एक धक्का बसला की पाय कातीत अडकतो, नाहीतर पोट फुटतं, आणि खेळ खलास. आणि मी ह्याला बसच्या खड्ड्यांतून आणला होता. हिच्या हातात तिरका झाला होता. माझ्या मूर्खपणाने त्याची ही गत झाली.

"वाचेल का गं?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस," ती म्हणाली. मनगट मात्र तिने सोडलं नव्हतं. मग लक्षात आलं तसं सोडलं.

आम्ही बसलो. मी खुर्चीवर, ती पलंगाच्या कडेवर, मध्ये टेबल आणि टेबलावर डबा. पंखा तिने बंद केला. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं, तशी ती उठून जिन्यात जाऊन त्यांना सांगून आली. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर गेलं. पाहुण्याचा एकही पाय हलेना. मी श्वाससुद्धा बेताने घेत होते.

"खोली छान ठेवलीयस," मी हळूच म्हटलं. "आल्याआल्या म्हणणार होते."

"मग खिडकीचं का म्हणालीस?"

"तोंडच तसं आहे माझं."

ती हसली नाही. पण थोड्या वेळाने तिने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

मग पाठीवरची ढाल उचलली गेली. एका बाजूने, डबीचं झाकण उघडावं तशी. आत ओलं, फिकट, नवं काहीतरी. पाय एकेक करून ओढायला लागला तो, थोडं ओढायचा, थांबायचा, परत ओढायचा. मागचे सुटले. मधले सुटले. पुढचा उजवा अडकला. लेकीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आमच्या दोघींच्या हातांनी आजवर किती नाजूक कामं केली असतील, आणि आत्ता दोघींनाही हात मांडीवर ठेवून बसायचं होतं. मी दातात पदर धरला. "ओढ रे बाबा," मी म्हणत होते, "ओढ, माझ्या राजा, एवढा एक ओढ." लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

सुटला. कातीतून पाय बाहेर आला, ओला, लुळा, पण सगळा आला. तो कातीशेजारी पडून राहिला, थकलेला, सुळे दुधासारखे पांढरे. लेकीने तोंडावर हात ठेवून श्वास सोडला. मीही सोडला.

"भिंग आणलंयस?" तिने विचारलं.

पर्समध्ये असतंच ते. मी डोक्याला बांधलं आणि डब्याजवळ नाक नेलं. दिवा लावता येत नव्हता, खिडकीचा उजेड उरला होता तेवढाच. आखूड हातांच्या टोकांना फुगीर गोळे होते, ते तर नुसत्या डोळ्यांनीही दिसत होते. डाव्या पायाला, आतल्या बाजूला, हूक. खरा. फिकट, वळलेला, टोकदार. मातीचा कण नाही. उजवा पाय कातीच्या पलीकडे होता आणि केस ओले चिकटलेले. तिथे काहीतरी वर आलेलं वाटत होतं. अडकलेला पाय तोच. हूक आला असेल, नाहीतर ओढताना मोडलाही असेल.

"दिसले?"

"डावा आहे. नक्की."

"आणि दुसरा?"

मी परत बघितलं. माझ्या डोळ्याने तो केव्हाच तिथे बसवला होता, जागा, आकार, टोक, सगळं. असणारच. एवढं सोसून आलाय बिचारा, असायलाच हवा. आणि असला तर काही दिवसांनी ती मला परत बोलावेल.

"माहीत नाही," मी म्हणाले.

ती माझ्याकडे वळली.

"दिसल्यासारखा वाटतोय. पण मला दिसायला हवाय, म्हणूनही दिसत असेल. माझ्यावर जाऊ नकोस. तू बघ."

मी भिंग सोडून तिच्या डोक्याला बांधलं. पट्टा सैल करावा लागेल म्हटलं, पण लागला नाही, माझ्याच मापाचा तिला बरोबर बसला. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. तिच्या मानेवर, कापलेल्या केसांखाली, लहानपणचा तीळ दिसत होता. मी त्याला बोट लावलं. तिने मान काढून घेतली नाही.

"मलाही कळत नाही," ती शेवटी म्हणाली. "ओलाय अजून. उद्या पाय पसरेल तेव्हा दिसेल."

"मग?"

"मग काय मग. त्याला हलवता येत नाही." तिने भिंग काढून टेबलावर ठेवलं, आणि माझी पर्स उचलून खुंटीला अडकवली. "उशी एकच आहे. तू घे."

मी बाहेर जिन्यात जाऊन ह्यांना फोन लावला. म्हटलं, अहो, मी आज येत नाही.

"बरं. मग कधी येशील?"

"माहीत नाही."

पलीकडे पाना खाली पडल्याचा आवाज आला. मग ह्यांनी काळजीने विचारलं, "अगं, तुला बरं वाटतंय ना?"

दारात लेक उभी होती. तिने ऐकलं होतं. ती हसायला लागली, आवाज न करता, दोन्ही हातांनी तोंड दाबून, कारण आत पाहुणा अजून मऊ होता.